भेग पाहणारा डोळा

दरवर्षीं उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडली, म्हणजे आम्ही वरच्या वर्गांतील मुलांस ‘मी कोण होणार?’ ह्या विषयावर निबंध लिहावयास देतों. विषय जुना आहे. परंतु लिहिणारीं मुलें दरवर्षीं नवीं असतात, म्हणून ते निबंध वाचण्याचा आम्हांस कंटाळा येत नाहीं. त्यांत वैमानिक होऊं इच्छिणाऱ्यांची संख्या नेहमींच मोठी असते. ढगांच्या वर चढलेलें विमान आणि त्याच्या सुकाणूवर हात ठेवून बसलेला तरुण, हें चित्र कोणाही मुलाच्या मनास भुरळ घालील असेंच आहे, व त्यास आमची हरकत नाहीं. परंतु ‘रात्रीं दोन वाजतां हातांत विजेरी घेऊन विमानाच्या पोटाखालीं उताणा पडून रिव्हेटांच्या रांगा तपासणारा मनुष्य मी होणार’ अशा अर्थाचें लिहिणारा विद्यार्थी इतक्या वर्षांत आम्हांस एकच भेटला. त्याचा निबंध घरीं वाचला गेला, तेव्हां त्याचे वडील दुसऱ्याच दिवशीं शाळेंत आले आणि म्हणाले, “सर, ह्याच्या डोक्यांतून हें खूळ तेवढें काढा. हातच काळे करावयाचे होते, तर आम्हीं ह्याला इतकें शिकविलें कशाला?”

त्या सद्गृहस्थांस आम्हीं त्या वेळीं दिलेलें उत्तर आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. तें पुरतेपणीं द्यावें, हा ह्या लेखाचा हेतु आहे. आमचें मत थोडक्यांत असें: विमान आकाशांत सुखरूप राहतें तें उडविणाऱ्याच्या धैर्यामुळें जितकें, तितकेंच जमिनीवर त्याची निगा राखणाऱ्याच्या सचोटीमुळें. ही सचोटी तीन सवयींची बनलेली आहे. बारकाईनें पाहणें ही पहिली; नेमून दिलें तसेंच करणें व केलें तसेंच लिहिणें ही दुसरी; आणि दोष दिसतांच न भितां बोलणें ही तिसरी. ह्या सवयी लावण्याचें ठिकाण विमानांचा कारखाना नव्हे. शाळा आणि घर हें आहे.

प्रथम विमानाचें शरीर कसें असतें तें पाहूं. आपल्याकडील एखादें कौलारू घर डोळ्यांपुढें आणा. त्याचा सर्व भार खांब, तुळया व वासे ह्यांवर असतो. कौलें केवळ ऊन-पाऊस अडवितात. दहा कौलें फुटलीं तर घर गळेल, पण पडणार नाहीं. पहिलीं विमानें ह्याच जातीचीं होतीं. राइट बंधूंनीं १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंत किटी हॉक गांवाजवळ जें विमान उडविलें, त्याचा सांगाडा स्प्रूस व अ‍ॅश ह्या झाडांच्या लांकडाचा होता, आणि पंखांवर साधी सुती मलमल ताणून बसविली होती. जे. आर. डी. टाटा ह्यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर ज्या पस मॉथ विमानांतून टपाल आणलें, त्याचें धड पोलादी नळ्यांचें, पंख लांकडी, आणि वरचें आच्छादन कापडाचें होतें.

आजचें प्रवासी विमान कौलारू घरासारखें नसून बांबूसारखें असतें. बांबू आंतून पोकळ. त्यास वेगळा सांगाडा नाहीं. सर्व भार त्याची पातळ भिंतच वाहते, आणि ती भिंत चेपूं नये म्हणून निसर्गानें जागोजागीं पेरें घातलीं आहेत. विमानाच्या धडांतही अशींच गोल कडीं ठरावीक अंतरावर असतात, त्यांस जोडणाऱ्या लांब पट्ट्या असतात, आणि ह्या सर्वांवर पत्रा रिव्हेटांनीं ठोकलेला असतो. हा पत्रा केवळ झांकण नव्हे; भार वाहणारें अंग आहे. म्हणूनच त्यास विमानाची ‘कातडी’ म्हणतात. पंखांतही अशीच रचना असते: मुळापासून टोकापर्यंत गेलेल्या तुळया, त्यांवर आडव्या बरगड्या, आणि वरून कातडी. कौल फुटलें तर घर गळतें. पण विमानाची कातडी फाटली तर विमानच फाटूं लागतें. ही एक गोष्ट नीट ध्यानांत आली, म्हणजे पुढचें सर्व समजण्यास सोपें जाईल.

ही कातडी बहुतेक विमानांत अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम हलकें खरें, पण मऊ. आल्फ्रेड विल्म ह्या जर्मन शास्त्रज्ञास १९०६ सालच्या सुमारास असें आढळलें कीं, त्यांत थोडें तांबें व किंचित् मॅग्नेशियम मिसळून तो धातु तापविला व एकदम थंड केला, तर तो लगेच कठीण होत नाहीं. पण पुढें कांहीं दिवस नुसता पडून राहिला असतां आपोआप कठीण होत जातो. ह्या धातूस पुढें ड्युरॅल्युमिन हें नांव मिळालें. वजन पोलादाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकें आणि बळ साध्या पोलादाच्या तोडीचें, असा हा धातु विमानविद्येस मिळाला नसता, तर ती लांकूड-कापडाच्या पलीकडे फारशी गेली नसती.

परंतु ह्या धातूस एक खोड आहे. विमान चढूं लागलें कीं बाहेरची हवा विरळ होते. प्रवाशांस श्वास घेतां यावा म्हणून आंत हवेचा दाब राखावा लागतो. ३५ ते ४० हजार फूट उंचीवर आंतील व बाहेरील दाबांत इतका फरक पडतो कीं, कातडीच्या प्रत्येक चौरस फुटावर आंतून सुमारें अर्ध्या टनाचा रेटा बसतो. आणि ती कातडी कित्येक ठिकाणीं एका मिलिमीटरहूनही पातळ असते. विमान उतरलें कीं हा रेटा नाहींसा होतो. म्हणजे प्रत्येक उड्डाणांत विमानाचें धड एकदां फुगतें व एकदां सैल पडतें. आतां एक तार घेऊन ती एकाच जागीं मागें-पुढें वांकवून पाहा. पहिल्या वांकानें कांहींच होत नाहीं, पांचव्यानेंही नाहीं, पण थोड्या वेळानें ती पट्‌कन तुटते. तुमचा एकही वांक तिला तोडण्याइतका जोराचा नव्हता. तिला तोडलें तें पुनरावृत्तीनें. ह्यासच धातूचा थकवा म्हणतात. मनुष्याचा थकवा रात्रभराच्या झोपेनें जातो. धातूचा जात नाहीं, तो सांचत राहतो.

ह्या थकव्याची ओळख जगास फार महाग पडली. कॉमेट नांवाच्या ब्रिटिश विमानानें २ मे १९५२ रोजीं लंडनहून जोहान्सबर्गकडे प्रयाण केलें, आणि जेट विमानांची जगांतील पहिली नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. १० जानेवारी १९५४ रोजीं रोमहून लंडनकडे निघालेलें एक कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रांत कोसळलें व ३५ माणसें प्राणांस मुकलीं. खरें कारण हातीं लागण्यापूर्वींच उड्डाणें पुन्हां सुरू झालीं, आणि ८ एप्रिल रोजीं दुसरें कॉमेट नेपल्सजवळच्या समुद्रांत पडून आणखी २१ माणसें गेलीं. तेव्हां फार्नबरो येथील सरकारी संशोधनसंस्थेनें एक अख्खें कॉमेट मोठ्या हौदांत ठेवून त्याच्या धडांत पाण्याचा दाब पुनःपुन्हां चढविला व उतरविला. हवा न वापरतां पाणी वापरलें, कारण पाणी जवळजवळ दबत नाहीं. त्यामुळें धड फाटलें तरी स्फोट होऊन तुकडे उडत नाहींत, व भेग कोठून निघाली तें पाहतां येतें. आधींचीं खरीं उड्डाणें व हौदांतील हे दाब मिळून ३,०५७ वेळां फुगल्यावर तें धड खिडकीसारख्या एका छिद्राच्या कोपऱ्यापासून फाटलें. एल्बाजवळ पडलेलें विमान तर १,२९० उड्डाणांतच गेलें होतें.

येथें विद्यार्थ्यांनीं थोडें थांबावें. कॉमेट बनविणाऱ्यांनीं परीक्षा घेतली नव्हती असें नाहीं. त्यांनीं धडाच्या एका भागावर नेहमींच्या सुमारें दुप्पट दाब देऊन पाहिला होता, आणि त्याच भागास पुढें सुमारें १८,००० वेळां फुगवूनही तो टिकला होता. परंतु आरंभींच्या त्या भारी दाबानें छिद्रांच्या कोपऱ्यांतील धातु थोडा ताणला जाऊन उलट अधिक टिकाऊ झाला होता. प्रवाशांस वाहून नेणाऱ्या विमानांस तो लाभ मिळालाच नव्हता. एका मोठ्या परीक्षेंत मिळालेल्या गुणांवरून रोजच्या जगण्याची ताकद मोजतां येत नाहीं, हें शिक्षकांनीं व पालकांनींही येथून शिकण्यासारखें आहे.

तेव्हांपासून विमानविद्येनें एक नम्रपणाचा धडा घेतला. ‘भेग पडणारच नाहीं’ असें म्हणणें तिनें सोडलें. आतां रचनाकार असें धरून चालतात कीं, भेग केव्हां ना केव्हां पडेल. ती किती वेगानें वाढेल ह्याचा ते हिशेब करितात. आणि ती घातक होण्यापूर्वीं मनुष्याच्या दृष्टीस पडण्याच्या किमान दोन-तीन संधी याव्यात, अशा बेतानें तपासणीच्या पाळ्या ठरवितात. म्हणजे रचनाकारानें आपल्या हिशेबांत एक जागा रिकामी सोडली आहे, आणि ती जागा तपासनिसाच्या डोळ्यांची आहे. तो डोळा झांकला, तर सगळा हिशेब चुकला.

ह्या तपासनिसाचें काम काय असतें? प्रत्येक उड्डाणापूर्वीं विमानाभोंवतीं फेरी. कांहीं शें तासांच्या उड्डाणांनंतर लहान तपासणी. वर्षा-दोन वर्षांनीं मोठी. आणि कांहीं वर्षांनीं तर खुर्च्या, छत, जमीन सर्व काढून विमानाच्या हाडांपर्यंत पाहणी. त्याचीं साधनें कांहीं अगदीं साधीं आहेत: विजेरी, भिंग, लांब दांडीचा लहान आरसा. चिकटविलेला सांधा आंतून सुटला आहे कीं काय, हें तो कधीं कधीं नाण्यानें हलके ठोकून आवाजावरून ओळखतो. कुंभाराकडून मडकें घेतांना आपली आजी जें करी, तेंच हें. केसाएवढी भेग दिसावी म्हणून तो रंगीत द्रव फांसतो, पुसून काढतो आणि वर पांढरी भुकटी टाकतो. भेगेंत शिरलेला रंग भुकटींत वर येतो व भेग आपण होऊन रेघ ओढते. ध्वनिलहरी, क्ष-किरण, विजेचे भोंवरे ह्यांचाही उपयोग होतो. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरट भुकटी दिसली तर तो धातु झिजूं लागला आहे, हें त्यास ठाऊक असतें. पत्र्यावर खूण करावयाची तर तो साधी शिसपेन्सिल वापरीत नाहीं. कारण तिच्यांतील ग्राफाइटानें ओलाव्यांत धातूस कीड लागल्यासारखी झीज सुरू होते. एका पेन्सिलीच्या रेघेचीही जेथें काळजी घ्यावी लागते, तें काम अडाण्याचें आहे असें कोण म्हणेल?

पाहण्याच्या सवयीबद्दल इतकें पुरे. आतां दुसरी सवय. १० जून १९९० रोजीं इंग्लंडांत बर्मिंगहॅमहून स्पेनकडे निघालेलें एक विमान १७,३०० फुटांवर असतां मुख्य वैमानिकापुढील कांच निखळून गेली, व तो स्वतः कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सोबत्यांनीं त्याचे पाय धरून ठेविले, सहवैमानिकानें विमान साउथॅम्प्टनला उतरविलें, आणि आश्चर्य असें कीं कोणीही दगावलें नाहीं. चौकशींत निघालें तें असें: ती कांच नुकतीच बदलली होती. ती बसविण्यास ९० बोल्ट लागत. त्यांपैकीं ८४ बोल्ट हवे त्याहून सुमारें दोन-तृतीयांश मिलिमीटर बारीक होते, आणि उरलेले सहा आंखूड होते. काम करणारा मनुष्य आळशी किंवा नवशिका नव्हता, अनुभवी होता. रात्रीची वेळ होती, माणसें कमी होतीं. त्यानें जुना बोल्ट हातांत घेतला आणि त्याच्याशीं ताडून नजरेच्या अंदाजानें नवे निवडले. पुस्तक उघडून क्रमांक पाहिला असता, तर चूक तेथेंच कळली असती. ‘मला माहीत आहे, पुस्तक कशाला पाहावयाचें?’ हें वाक्य आमच्या वर्गांतील हुशार मुलांच्या तोंडीं आम्ही पुष्कळदां ऐकतों. ढ मुलांहून हुशार मुलांसच ह्या गोष्टीचा धोका अधिक आहे.

ह्याहून दुःखद उदाहरण जपानचें आहे. १९७८ सालीं एका मोठ्या विमानाची शेपटी उतरतांना धावपट्टीस घांसली, व धडाच्या मागील टोकाशीं असलेली दाब धरणारी भिंत दुरुस्त करण्यांत आली. आराखड्याप्रमाणें जोडपट्टी एकसलग हवी होती; प्रत्यक्षांत ती दोन तुकड्यांत बसविली गेली, आणि जेथें रिव्हेटांच्या दोन रांगांनीं भार वाहावयाचा, तेथें एकाच रांगेवर तो पडला. वरून तें काम पुरें झालेलें दिसे. सात वर्षें व १२ हजारांहून अधिक उड्डाणें त्या सांध्यानें दम धरला. १२ ऑगस्ट १९८५ रोजीं तो सुटला, आणि ५२० माणसें मृत्यु पावलीं. विद्यार्थ्यांनों, गणिताचें उत्तर मागच्या पानावरून उतरून मधल्या पायऱ्या जुळवून देण्याची जी युक्ति तुम्हांस ठाऊक आहे, तिचें मोठेपणीं असें रूप होतें. वरून सर्व बरोबर दिसतें, आणि आंत एक रांग कमी असते.

आतां तिसरी सवय. ही सर्वांत कठीण. २८ एप्रिल १९८८ रोजीं हवाई बेटांत हिलोहून होनोलुलूकडे चाललेल्या विमानाच्या धडाचा वरचा सुमारें १८ फूट लांबीचा भाग २४,००० फुटांवर उडून गेला. एक हवाई सेविका बाहेर फेंकली जाऊन नाहींशी झाली. उरलेले ९४ जण, कित्येक जखमी होऊन, वांचले. विमान १९ वर्षांचें होतें. बेटाबेटांमधील लहान लहान फेऱ्या करीत त्यानें ८९,६८० उड्डाणें पुरीं केलीं होतीं. समुद्राच्या खाऱ्या हवेंत पत्र्यांचा चिकटविलेला जोड सुटत गेला, सगळा भार रिव्हेटांवर आला, आणि छिद्राछिद्रांतून निघालेल्या बारीक भेगा एकमेकींस मिळाल्या. तपासणींत त्या दिसावयास हव्या होत्या, दिसल्या नाहींत. परंतु चौकशींत आणखी एक गोष्ट पुढें आली, ती आमच्या मनांतून जात नाहीं. विमानांत चढतांना एका प्रवासी बाईंनीं दाराजवळ धडावर रिव्हेटांच्या रांगेंत आडवी भेग पाहिली होती. त्या कोणाशींही बोलल्या नाहींत.

त्या बाईंस दोष देणें सोपें आहे. आम्ही देणार नाहीं. ‘मला काय कळतें? ह्यांनीं पाहिलेंच असेल. उगीच विचारलें तर हंसतील’, असें अशा वेळीं कोणाच्या मनांत येत नाहीं? आणि आम्हांस दोष देण्याचा अधिकारही नाहीं. कारण कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या व्यायामशाळेंत मल्लखांबाचा दोर टांगलेला होता. खालच्या वर्गांतील एक लहान मुलगा मधल्या सुटींत आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, दोराचे वरचे पीळ सुटले आहेत.” आम्ही त्या वेळीं प्रश्नपत्रिका काढण्यांत गुंतलों होतों. आम्हीं मान वर न करितां त्यास सांगितलें, “तूं आपलें काम पाहा.” चार दिवसांनीं दोर तुटला, आणि वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचा हात मोडला. हात पुढें बरा झाला. परंतु ज्या लहान मुलानें आम्हांस सांगितलें होतें, त्यानें त्या दिवशीं आमच्याकडे एकदां पाहिलें व तो खालीं मान घालून निघून गेला. त्यानें कोणापाशीं तक्रार केली नाहीं. पुढें चार वर्षें तो आमच्या शाळेंत होता. आम्हांस कोणताही दोष दाखवावयास तो पुन्हां कधीं आला नाहीं. दोराचा पीळ नवा आणतां आला. हा पीळ आम्हांस पुन्हां घालतां आला नाहीं.

कोणी म्हणेल कीं, आतां यंत्रें इतकीं सुधारलीं आहेत, कीं मनुष्याच्या डोळ्याची व जिभेची पूर्वींइतकी गरज उरली नाहीं. वस्तुस्थिति उलट आहे. बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानांत वजनानें सुमारें निम्मा भाग कार्बनच्या धाग्यांचे थर राळेंत बसवून केलेल्या पदार्थाचा असतो. तो हलका आहे, गंजत नाहीं, आणि धातूसारखा थकत नाहीं. परंतु धातूस धक्का लागला तर पोचा पडतो व तो पाहणाऱ्यास दिसतो. ह्या पदार्थावर हातांतून जड पाना पडला किंवा सामानाची गाडी आदळली, तर वरून कांहीं न दिसतां आंतले थर एकमेकांपासून सुटूं शकतात. त्या क्षणीं ती गोष्ट जगांत एकाच मनुष्यास ठाऊक असते, ज्याच्या हातून ती घडली त्यास. तो बोलला, तर ध्वनिलहरींनीं तपासून दुरुस्ती होते. तो गप्प बसला, तर पुढच्या तपासणीपर्यंत तें विमान आपली जखम झांकून उडत राहतें. म्हणजे विद्या जसजशी वाढते आहे, तसतशी साध्या माणसाच्या खरेपणाची किंमत कमी होत नसून वाढत आहे.

विमानविद्येच्या धुरीणांनीं हें ओळखलें आहे. अमेरिकेंत १९७६ पासून अशी व्यवस्था चालू आहे कीं, वैमानिक, तंत्रज्ञ किंवा कोणीही कर्मचारी आपल्या हातून घडलेली चूक गुप्तपणें कळवूं शकतो. आणि तें वृत्त विमानखात्याकडे न जातां नासा ह्या दुसऱ्याच संस्थेकडे जातें, जिला शिक्षा करण्याचा अधिकारच नाहीं. मुद्दाम केलेला अपराध किंवा अपघात घडविणारें कृत्य ह्यांस तेथें अभय नाहीं. पण भाबडी चूक जो आपण होऊन सांगतो, त्यास संरक्षण आहे. ह्यामागचा विचार साधा आहे: शिक्षेच्या भीतीनें चुका थांबत नाहींत, चुका लपतात.

आतां पालकांस आमची विनंती. घरीं मुलाच्या हातून कांचेचें भांडें फुटलें व तें त्यानें येऊन सांगितलें, तर त्या दिवशीं भांड्याचा शोक आवरा. ‘असें केलें तर मुलें बेफिकीर होतील’ असा आक्षेप आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. म्हणून आम्ही शिक्षेवर बंदी घाला असें म्हणत नाहीं. लपविलेल्या चुकीस शिक्षा व सांगितलेल्या चुकीस दुरुस्ती, एवढा भेद पाळावा. फुटलेले तुकडे त्यानें स्वतः गोळा करावे, भांडें कसें फुटलें तें नीट सांगावें, आणि तेथें तें प्रकरण संपावें.

आणि आरंभीं सांगितलेल्या त्या सद्गृहस्थांस आमचें उत्तर: हात काळे होणें ही लाज नव्हे. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४० सालीं बंगळूरास विमानांचा कारखाना काढला, तो अशा काळ्या हातांच्या भरंवशावरच. नाशिकजवळ ओझर येथें लढाऊ विमानें बनतात. नागपूरास मिहानमध्यें मोठीं प्रवासी विमानें दुरुस्तीस येतात. तेथें विमान निर्दोष आहे अशी सही करण्याचा परवाना मिळविण्यास पदार्थविज्ञान, रसायन व गणित हे विषय घेऊन बारावीपर्यंतचें शिक्षण, त्यापुढें वर्षांचा अभ्यास, आणि कठीण परीक्षा लागतात. त्या सहीखालीं शेंकडों कुटुंबें निर्धास्त झोंप घेत आकाशांतून जातात. इतकें शिकविलें कशाला, तर त्या सहीस आपला मुलगा किंवा मुलगी लायक व्हावी म्हणून.

शेवटीं एक सूचना, जी आम्हीं मुख्याध्यापकांपुढेंही ठेविली आहे. येत्या वर्षापासून कार्यालयाबाहेर एक वही दोरीनें बांधून ठेवावी. शाळेच्या इमारतींत, बांकांत, जिन्यांत, प्रयोगशाळेंत कोठें कांहीं मोडलें, सुटलें किंवा तडकलें दिसलें, तर कोणत्याही वर्गाच्या विद्यार्थ्यानें तें तारीख घालून तींत लिहावें. आपल्या हातून कांहीं बिघडलें असेल तर तेंही लिहावें. लिहिणाऱ्यास कोणीही रागें भरूं नये. आणि ज्या शिक्षकाकडे तें काम असेल, त्यानें आठ दिवसांच्या आंत समोरच्या रकान्यांत काय केलें तें लिहून सही करावी. सही नसेल तर मुलांनीं ती मागावी.

त्या वहींतील पहिली नोंद कोणाची असावी, ह्याचा विचार आम्हीं करून ठेविला आहे. ती मल्लखांबाच्या दोराची असेल, आणि तिच्यापुढें नांव आमचें असेल.